इश्बेलला दहापैकी नऊ

सात कागदांवर नऊचा आकडा सात प्रकारांनी लिहिलेला होता. एकाची शेपटी सरळ, एकाची डावीकडे वळलेली. एकाने आधी आठ काढून मग त्याच्या पोटाची एक बाजू खोडली होती. पाद्रीबाईंचा नऊ इतका बारीक होता, की तो वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. प्रत्येक कागदावर चार रकाने, म्हणजे एकूण अठ्ठावीस नऊ. सरासरी नऊ, विचलन शून्य. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काम केलं. त्या काळात विचलन शून्य आलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा यंत्राची तार निघालेली होती.

इथे कोणतीही तार निघालेली नव्हती. इथे माणसं बसली होती.

चार नमुन्यांपैकी तीन बिअर माझ्या धाकट्या भावाच्या, रॅनल्डच्या होत्या. चौथी मी मुद्दाम बिघडवलेली. टोरंटोकडची, हिरव्या बाटलीतली, कुठल्याही दुकानात मिळणारी बिअर मी घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नऊ दिवस उन्हात ठेवली. ऊन लागलेली बिअर उघडली की घरात स्कंक, म्हणजे तो घाण वास सोडणारा प्राणी, शिरल्यासारखा वास येतो. आणि आमच्या हॅडक हेड गावात स्कंकचा वास कुणाला ओळखता येत नाही असं नाही. दर उन्हाळ्यात एखादा कुणाच्या तरी ओट्याखाली संसार थाटतोच. चाखणाऱ्यांची जीभ जागी आहे की नाही, हे पाहायला असा एक फसवा नमुना ठेवावा लागतो. त्या नमुन्यालाही सातही जणांनी नऊ दिले होते. शेऱ्याच्या रकान्यात शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, ‘मनमोकळी.’

मी त्यांना कर्लिंग क्लबच्या जिन्यात गाठलं. खाली बर्फावर दगड सरकवायचा तो खेळ चालतो, आणि चाचणी त्याच्या वरच्या मजल्यावर झाली होती.

“सर, तुम्ही रसायनशास्त्र शिकवता. त्या ग्लासाला कसला वास येत होता?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “बाई, रॅनल्ड दारात उभा होता हो.”

“मग?”

“टाय लावून उभा होता. हातात अंड्याच्या सँडविचचं ताट घेऊन. अशा वेळी माणूस काय लिहिणार?”

खरं लिहिणार, असं मला म्हणायचं होतं. पण जिना अरुंद होता आणि त्यांच्या तोंडात सँडविच होतं.

हे सगळं सुरू झालं एका पत्राने. आमच्या प्रांतात दारू कोणत्या दुकानात ठेवायची हे एक मंडळ ठरवतं. त्या मंडळाने रॅनल्डला कळवलं होतं, की ‘हॅडक हेड ब्रुअरी’चा माल आता प्रांतातल्या सगळ्या दुकानांत ठेवण्याचा विचार होऊ शकतो, मात्र त्याआधी स्थानिक परीक्षकांची चाचणी घ्यावी, नमुन्यांवर नाव नसावं, नुसते आकडे असावेत, आणि सरासरी साडेसहाच्या वर यावी. सोबत अकरा पानी अर्ज होता. रॅनल्डने तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “ताई, हे तुझंच काम. गावात दुसऱ्या कुणाला असलं जमणार?”

जमणार नाही हे बरोबर होतं. करावं की नाही हा वेगळा प्रश्न होता आणि तो त्याने विचारला नव्हता.

अर्जाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, की परीक्षक सात असावेत आणि त्यांचं उत्पादकाशी नातं नसावं. नातं म्हणजे चुलत-मावस भावंडांची मुलंबाळं धरून. हॅडक हेडची वस्ती अकराशे चाळीस. मी भिंतीला लावायच्या कागदाच्या मागच्या बाजूवर वंशवेल काढायला घेतली. तिसऱ्या दिवशी कागद स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात पोचला आणि नात्यात नसलेली माणसं उरली नऊ. त्यातल्या दोघांना दारू वर्ज्य. राहिले सात: ऑन्टॅरिओहून आलेल्या पाद्रीबाई, मुख्याध्यापक, दवाखान्यातल्या दोन फिलिपिनो परिचारिका, फक्त मंगळवारी आणि शनिवारी येणारा दंतवैद्य, आणि समुद्र दिसतो म्हणून घर घेतलेलं एक जर्मन जोडपं.

परकी माणसं निःपक्षपाती असतात असं मंडळाला वाटतं. परक्या माणसांना गावात राहायचं असतं, हे मंडळाला ठाऊक नाही. जानेवारीत पाद्रीबाईंची घर तापवायची भट्टी बंद पडते तेव्हा उणे अठरा तापमानात कोण येतं? रॅनल्ड. जर्मन जोडप्याची होडी खडकावर चढली तेव्हा कुणी काढली? रॅनल्डने, आणि वर हसलाही नाही. या सात जणांना खरं बोलणं परवडणारं नव्हतं.

मी मंडळाच्या कार्यालयात फोन केला. चौथ्या वेळी माणूस मिळाला.

“मी स्वतः उत्पादकाची सख्खी बहीण आहे,” मी सांगितलं. “मला आयोजक होता येतं का?”

“येतं की, मॅडम. आयोजकाला नियम लागू नाही.”

“का?”

“आयोजकाला मत नसतं, मॅडम. आयोजकाने फक्त शेवटी सही करायची, की गुण त्याच्या माहितीप्रमाणे खरे आहेत.”

फोन ठेवल्यावर मी भांडी घासली. तीन स्वच्छ होती, तीही घासली.

मत मला होतं. नऊ वर्षांपासून होतं. रॅनल्डने पहिली बिअर केली त्या दिवसापासून तिला औषधाच्या पट्टीचा वास येतो. जखमेवर लावायची, गुलाबी, चिकट पट्टी; अगदी तोच. कारणही मला पहिल्याच घोटात कळलं होतं. गावच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते असायलाच हवं. मी स्वतः एकतीस वर्षं त्याचं प्रमाण मोजलं आहे. पण ते क्लोरिन बिअरमध्ये धान्यातल्या काही द्रव्यांशी जुळतं आणि त्यातून हा वास तयार होतो. मोठ्या तरणतलावात दोन चमचे पडले तरी नाकाला कळावं, इतका तो तिखट. उपाय म्हणजे नळाला कोळशाची एक गाळणी. पावाच्या डब्याएवढी.

हे सांगायचा निर्णय मी नऊ वर्षांत अकरा वेळा घेतला. माझ्या वहीत तारखा आहेत. पहिल्या वेळी मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो नव्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. चिठ्ठीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘इश्बेल’.

“ताई, तुझं नाव दिलंय,” तो म्हणाला. “पाणी तू तपासलेलं. म्हणजे अर्धी बिअर तुझीच की.”

माझं नाव इश्बेल मॅकफी. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी ओरडतं, “एक इश्बेल इकडे द्या!” आणि मी मान खाली घालून बटाट्याचं सॅलड वाढत राहते.

गाव ही बिअर विकत घेतं. भरपूर घेतं. पीत मात्र कुणीच नाही. बाप्तिस्म्याला, घरभरणीला, लॉबस्टरच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सहा बाटल्यांचा खोका भेट द्यायचा. मिळालेला खोका पुढच्या घरी भेट द्यायचा. एक खोका तर मी कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून ओळखते. तो तीन वर्षांत चौदा घरं फिरला आणि नाताळात रॅनल्डच्याच घरी पोचला. त्याला वाटलं लोकांचं किती प्रेम आहे. प्रेम होतंच. म्हणूनच तर मला राग येत होता. कुणाच्या मनात वाईट असतं तर निदान कुणीतरी तोंड उघडलं असतं.

इतकी वर्षं हे चालून गेलं, कारण ब्रुअरी ही रॅनल्डची संध्याकाळची हौस होती. दिवसा तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. या किनाऱ्यावर त्याच्यासारखा दुसरा नाही. इंजिनाचा आवाज फोनवर ऐकून कोणता भाग गेला ते सांगतो. पण मंडळाचं पत्र आल्यावर त्याने ठरवलं, की वर्कशॉप बंद करायचं आणि पूर्ण वेळ बिअर करायची. दारावरची पाटी त्याने पांढऱ्या रंगाने पुसूनही टाकली. हत्यारं कुणाला द्यायची त्याची यादी केली. चोपन्नाव्या वर्षी, जे येतं ते सोडून जे येत नाही त्यात तो उडी घेत होता. आणि पलीकडे प्रांतभरची अनोळखी माणसं ग्लास घेऊन बसणार होती. त्यांची भट्टी त्याने दुरुस्त केलेली नव्हती.

म्हणून पहिली चाचणी मी बाद केली. मंडळाला तसं लेखी कळवलं. मंडळाने उत्तर दिलं, की आयोजकाला शंका असेल तर श्री. पेल्टियर नावाचे निरीक्षक मंगळवारी येतील आणि त्यांच्यासमोर चाचणी पुन्हा होईल. त्यानंतर चाचणी नाही.

माझी शेजारीण डोलिना हिला हे त्याच दुपारी कळलं. कसं कळलं ते मी आता विचारत नाही.

“इश्बेल, अगं चुकलं काय तुझं सांगू का?” माझ्या खुर्चीत बसत ती म्हणाली. “तू लोकांना बोलू देत नाहीस. बिअर पिताना बोलायचं नाही म्हणजे काय? सुतक आहे का?”

“ती चाचणी आहे, डोलिना.”

“आणि खायला काय ठेवलंस? कोरडी बिस्किटं! थोडे व्हिनेगरचे चिप्स ठेव, बिटाचं लोणचं ठेव. माशाचे वडे मी करून आणते.”

“व्हिनेगरने जीभ बधिर होते.”

“तेच तर म्हणतेय मी!”

तिच्या तर्कात खोट नव्हती. याचाही मला राग आला.

मी तयारी नव्याने केली. चोवीस बाटल्या धुण्याच्या सोड्यात भिजवून त्यांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. हिरव्या बाटल्यांतली बिअर तपकिरी बाटल्यांत भरून झाकणं बसवली. प्रत्येक झाकणावर एकाच रंगाचं नखपॉलिश लावलं आणि तीन आकडी क्रमांक लिहिला. ‘इश्बेल’चा क्रमांक ४१६. गुणांचे कोरे कागद आणि सूचनांचा तक्ता खोक्यातच ठेवला. मग सगळी खोकी मागच्या पडवीत नेऊन ठेवली. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत आमच्याकडे पडवी हाच फ्रिज असतो. सगळ्यांची पातेली तिथेच असतात. मी तापमापक टांगला होता. चार अंश. नेमकं हवं तेवढं. बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

तो शनिवार अग्निशमन दलाचा बाटल्या गोळा करण्याचा शनिवार होता, हे माझ्या लक्षातून गेलं होतं. वर्षातून दोनदा दलाचे स्वयंसेवक ट्रक घेऊन घरोघर फिरतात, पडव्यांमधल्या रिकाम्या बाटल्या उचलतात आणि परत देऊन नव्या नळीसाठी पैसे उभे करतात. दार वाजवत नाहीत. कुणाला उठवायचं नाही, ही त्यामागची सभ्यता. माझ्याकडच्या बाटल्या ते कधीच नेत नाहीत, कारण माझ्याकडे नसतात. पण डोलिनाने स्वतःच्या खिडकीतून माझी पडवी पाहिली आणि दलाला फोन केला. “इश्बेलकडे चार खोकी आहेत,” तिने सांगितलं. “अगदी धुऊन, चिठ्ठ्या काढून ठेवल्यात बिचारीने. न विसरता न्या, नाहीतर तिला वाईट वाटेल.”

साडेदहाला मी तापमान बघायला गेले. तापमापक होता. चार अंश दाखवत होता. त्याखाली काही नव्हतं.

घरातल्या सपाता घालून मी अग्निशमन दलापर्यंत पळत गेले. सहाशे मीटर. वाटेत तिघांनी विचारलं, “आग कुठे लागली, बाई?” माझ्या वयाची, माझ्या स्वभावाची बाई सपातांवर पळताना दिसली तर लोकांनी हेच विचारावं, हे मी मान्य करते. पण त्यातला एक माझ्याबरोबर पळू लागला, याची गरज नव्हती.

दलाच्या खोलीत लांब टेबलाभोवती आठ माणसं बसली होती. जाड पिवळ्या विजारी, वर बनियन. प्रत्येकासमोर चार ग्लास, एक कागद, एक पेन्सिल. कुणीही बोलत नव्हतं.

दलाचा प्रमुख विल्फ उठून उभा राहिला. “या बाई. अहो, तुमच्या बाटल्या भरलेल्या निघाल्या.”

“त्या भरलेल्याच होत्या, विल्फ.”

“तेच ना. आता भरलेली बाटली कुणी परत घेत नाही. आधी रिकामी करावी लागते.”

“मोरीत ओतता आली असती.”

“मोरीत?” आठही जणांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच खाली पाहिलं.

“आणि खोक्यात कागद होते,” विल्फ म्हणाला. “वर सूचना. बोलू नये, शेजाऱ्याच्या कागदात पाहू नये, दोन घोटांच्या मध्ये पाणी प्यावं. म्हटलं बाईंनी एवढं लिहून ठेवलंय, तर नीट करावं. सगळं केलं. या शेल्डनला दोनदा गप्प बसवलं.”

“एकदाच,” शेल्डन म्हणाला.

“हे दुसऱ्यांदा.”

मी कागद गोळा केले आणि उभ्यानेच वाचले. नमुना क्रमांक ४१६: दोन, दोन, तीन, एक, दोन, दोन, तीन, दोन. सरासरी दोन पूर्णांक एक. बाकी दोन बिअरही तिच्याच आसपास. माझ्या खिडकीत उन्हाने नासलेल्या बिअरला पाच. आणि शेरे! ‘प्रथमोपचाराची पेटी चाटल्यासारखं.’ ‘आजीच्या गुडघ्याचा वास.’ ‘सुरुवातीला काही नाही, मग जाता जात नाही.’ एकाने अडखळत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हिला कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.’

हे शेरे बिअरबद्दल होते. तरीही ते वाचताना मी केस नीट केले.

पण एक गोष्ट नोंदवायला हवी: जवळजवळ अर्धा मिनिट मी आनंदात होते. एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ आकडेवारी माझ्या हाती आली नव्हती. या आठ जणांना बाटली कुणाची ते ठाऊक नव्हतं. बिअर भेट देऊन देऊन तिची चव ते केव्हाच विसरले होते. आणि दारात टाय लावून कुणी उभं नव्हतं. जीभ कशी चालते ते या गावात पहिल्यांदाच दिसलं होतं.

“कुणाची हो ही?” विल्फने विचारलं. “टोरंटोवाल्यांची ना? तरीच म्हटलं.”

“रॅनल्डची,” मी म्हणाले.

कुणीतरी ग्लास खाली ठेवला.

“कुठली रॅनल्डची?”

“पाच मिळालेली सोडून सगळ्या. चारशे सोळा म्हणजे इश्बेल.”

आठ जणांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेल्डनचे कान लाल झाले. त्याने हळूच पेन्सिल उचलली.

“बाई, माझा कागद जरा द्या ना. माझा नऊ नीट उमटला नाही वाटतं.”

“तू दोन लिहिलायस.”

“हो, पण नऊच काढायचा होता. हात हलला.”

“माझाही द्या,” दुसरा म्हणाला. “मी सर्दीने बेजार आहे. मला वासच येत नाही.”

“मग ‘आजीचा गुडघा’ कुणी लिहिलं?”

“ते… आठवण आली म्हणून.”

मी कागद कोटाच्या आत घातले आणि बटणं लावली. विल्फ दारापर्यंत आला. “बाई, रागावू नका. पण तो आमचा भाऊ आहे हो. माझा मावस, शेल्डनचा चुलत. मागच्या वर्षी माझं इंजिन त्याने रविवारी उघडलं. त्याला हे दाखवणार तुम्ही?”

इथेच सगळी मेख होती. आठही जण नात्यातले. चौथ्या पानाप्रमाणे त्यांचे कागद रद्दी. ज्यांनी खरं लिहिलं ते चालणार नव्हते, आणि जे चालणार होते ते खरं लिहिणार नव्हते. अकरा पानी अर्ज करणाऱ्याने हे कधी कुठल्या गावात राहून पाहिलं होतं का, असं मला मंडळाला विचारायचं होतं. मी फोन लावला. शनिवार होता. फोन वाजत राहिला.

बाराव्यांदा मी निर्णय घेतला आणि रविवारी रॅनल्डकडे गेले. कागद पिशवीत होते. वर्कशॉपच्या भिंतीवरची हत्यारं त्याने उतरवून ठेवली होती. खिळे तेवढे राहिले होते.

“ताई, हे बघ,” तो म्हणाला. “नट-बोल्टचे पाने डोनीला, लेथ विल्फला. त्या जागी नवी टाकी बसेल. मापं घेतली.”

“रॅनल्ड, मला बोलायचंय.”

“मंगळवारचं ना? काळजी करू नकोस. लोकांना आवडते गं बिअर. तुला माहीत नाही, तू कुठे जात-येत नाहीस. नाताळात मला लोकांनीच एक खोका भेट दिला!”

त्या खोक्यावरच्या चहाच्या डागाबद्दल मी बोलले नाही. घरी येऊन वहीत तारीख लिहिली.

मंगळवारी दुपारी दोन वाजता श्री. पेल्टियर आले. सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. पायातले बूट दारात काढून मोज्यांवर आत येणारे. मी नवे क्रमांक टाकले होते, टेलिफोनच्या पुस्तकातून डोळे मिटून काढलेले. नवे नमुने रविवारपासून माझ्या झोपायच्या खोलीत कुलपात होते. रॅनल्डला मी खाली, कर्लिंगच्या बर्फाजवळ बसवलं होतं. अंड्याची सँडविच त्याच्याकडेच ठेवायला सांगितली होती. मी पडद्यामागे बिअर ओतत होते. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती: दोन घोटांमधलं पाणी. त्यासाठी माणूस हवा होता आणि पाण्याचा जग घेऊन डोलिना आधीच उभी होती.

आणि बिअर ओतताना मी रिकाम्या बाटल्या मागच्या टेबलावर ओळीने ठेवत होते. घाईत या वेळी मी खिडकीत उरलेली फसवी बिअर हिरव्या बाटल्यांतून काढली नव्हती. पडदा होता, पुरे, असं मला वाटलं. डोलिना पाणी भरायला पडद्यामागच्या नळावर येत होती हे मी पाहत होते, पण ती काय पाहते आहे आणि पाणी ओतताना कुणाला काय खुणावते आहे ते मी पाहिलं नाही. चूक माझी. मी ती मान्य करते, पण शांतपणे नाही.

अर्ध्या तासाने कागद आले. रॅनल्डच्या तीनही बिअरना सातही जणांकडून नऊ. हिरव्या बाटलीतल्या बिअरला सात वेळा एक. जर्मन गृहस्थांनी शेरा लिहिला होता, ‘ही आपल्या गावची नाही, हे लगेच कळते.’ पाद्रीबाईंचा एकचा आकडा मात्र चांगला ठसठशीत होता.

मी डोलिनाकडे पाहिलं. ती खिडकीतून समुद्र पाहत होती. तिथून समुद्र दिसत नाही.

“अप्रतिम!” श्री. पेल्टियर म्हणाले. “मॅडम, मी बावीस वर्षं हे काम करतोय. इतकी तयार जीभ, एका लहान गावात! बिघडलेला नमुना बरोबर वेगळा काढला.”

“तुम्ही स्वतः चाखून पाहता का?” मी विचारलं.

“नाही, नाही. मला परवानगी नाही. आणि गाडी चालवायची आहे.”

“नुसता वास?”

“नियमात वासाचा उल्लेख नाही, मॅडम.” त्यांनी अकरावं पान माझ्यासमोर ठेवलं आणि रिकाम्या ओळीवर बोट टेकवलं. “इथे. गुण आपल्या माहितीप्रमाणे खरे आहेत, असं.”

टाळ्या वाजायला लागल्या होत्या. त्या ऐकून रॅनल्ड वर आला. टाय त्याने आजही लावला होता. बर्फाजवळ बसून त्याचं नाक लाल झालं होतं. विल्फ आणि दलातले तिघे त्याच्या मागे जिन्यात उभे होते. ते काय करत होते कुणास ठाऊक. विल्फ माझ्याकडे पाहून मान हलवत होता. ती मान ‘हो’ म्हणत होती की ‘नको’, ते कळत नव्हतं.

“झालं?” रॅनल्डने विचारलं. “ताई, झालं ना?”

“नऊ!” डोलिना ओरडली. “सगळ्यांना नऊ!”

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लहानपणी परीक्षेचा निकाल लागला की तो असंच करायचा. तेव्हा निकाल मी वाचून दाखवायचे. “मग उद्या टाकी आणतो,” तो म्हणाला. “लेथ काढायला तुम्ही सगळे या रे सकाळी.”

जिन्यातले चौघे एक पायरी खाली सरकले.

मी पेन हातात घेतलं. ओळ आठ सेंटिमीटर लांब होती. माझी सही पाच सेंटिमीटरची आहे. जागा पुरली असती. सही केली तर उद्या लेथ जाणार होतं, महिनाभराने प्रांतभरच्या दुकानांत माझ्या नावाच्या बाटल्या लागणार होत्या, आणि वसंतात, कुणी ओळखीचं नसलेल्या गावांतून त्या परत येणार होत्या. तोवर वर्कशॉपच्या भिंतीवर खिळेही राहिले नसते. आणि हे सगळं होताना गाव त्याला म्हणत राहणार होतं, की बिअर मनमोकळी आहे.

“काय झालं?” रॅनल्ड जवळ आला. “पेन चालत नाही का?”

“माझ्याकडे आहे,” डोलिना म्हणाली.

“माझंही घ्या,” मुख्याध्यापक म्हणाले. दंतवैद्यानेही खिसा चाचपला. श्री. पेल्टियरनी बॅग उघडली. एका मिनिटात माझ्यासमोर चार पेनं आली.

“पेन चालतंय,” मी म्हणाले.

माझा आवाज सहसा दुसऱ्या टेबलापर्यंत पोचत नाही. या वेळी तो जिन्यापर्यंत गेला असावा. रॅनल्डने टायची गाठ सैल केली. तो माझ्याकडे पाहत होता. बाकी सगळे त्याच्याकडे.

“मग कर ना सही, ताई.”

मी पेनाला टोपण लावलं.

“नाही करत,” मी म्हणाले. “रॅनल्ड, तुझी बिअर वाईट आहे. नऊ वर्षं वाईट आहे.”